विहीर हिरवी झाली तेव्हाचं आमचं विज्ञान मंडळ

माणसाच्या हाताचं हाड मोडतं तेव्हा तुरीची वाळली काडी गुडघ्यावर मोडल्यासारखा आवाज येतो. मी तो ऐकलाय. भर दिवसा, आमच्या गल्लीच्या विहिरीवर. हात होता आमच्या मिस्तरींचा, आणि तो आवाज येईपर्यंत मला वाटत होतं की आपलं गाव आहे, चार शिव्या देतील, दोन थपडा मारतील आणि सोडून देतील. आवाज आल्यावर कळलं, आज हे माणूस मारणार आहेत.

पण असं मधूनच सांगून कसं चालेल. बसा, पहिल्यापासून सांगते.

नंदुरबारहून धानोऱ्याकडे निघालं की धानोऱ्याच्या अलीकडे आमचं गाव लागतं. गावात भजनी मंडळ जुनं, गणपतीची मंडळं तर गल्लीगणिक. विज्ञान मंडळ मात्र आमचंच पहिलं. आम्ही चौघं होतो. एक गुरुजी. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बोलायला लागले की समोर म्हैस असली तरी तिला समजावून सांगतील असे. दुसरे मिस्तरी. विहिरीतल्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं त्यांचं दुकान स्टँडजवळ. वडीलही तेच करायचे. गावातली एक विहीर नाही जिच्यात बापलेकांपैकी कोणी उतरलं नाही. तिसरी आशाताई, घरोघर फिरून पोरांना डोस पाजणारी, तिशीची असेल. आणि चौथी मी. माझी शाळा चौथीत संपली. पुढचं जे काही आलं ते ऐकून, वाचून आणि गुरुजींशी भांडून.

मंडळाची जागा म्हणजे माझी पथारी. मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. दिवाळीनंतर गावाबाहेर बघाल तिकडे जमीन लालच लाल. माझी पथारी गल्लीच्या विहिरीला लागूनच, वरच्या अंगाला. मिस्तरींनी तिथे पत्र्याचा पाऊस मोजायचा डबा करून बसवला, आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवायला पत्र्याचाच एक पोपट. रोज सकाळी मी डबा बघायची, पोपट बघायची आणि मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहायची. पाणी भरायला आलेल्या बाया हसायच्या.

"काय वं आक्का, आज वारानी काय निरोप सांगा?"

"तुन्हा नवरा रातले पत्ता खेळस असं सांगं," मी म्हणायची. मग दुसऱ्या दिवशी कोणी विचारायचं नाही.

आमच्या मंडळाचा एक नियम होता आणि तो नियमच पुढे आमच्या डोक्यावर बसला, म्हणून तो कसा झाला ते ऐका. एकदा गुरुजींनी मारुतीच्या भोंग्यावरून सांगितलं की उद्या सकाळी विहिरीत पाणी शुद्ध करायचं औषध टाकणार आहोत. झालं. सकाळी सगळी गल्ली माझ्या दारात. पाण्याला वास येतो, जिभेला चटका बसतो. एकीची डाळ शिजेना, एकीची म्हैस हौदावरून तोंड फिरवून गेली. मी गुरुजींकडे पळत गेले तर ते गोधडी घेऊन पडलेले, तापाने फणफणलेले. औषधाची पुडी कोनाड्यात तशीच. टाकलंच नव्हतं!

मिस्तरी हसून हसून दुकानाच्या पायरीवर बसले. घरात ते उर्दू बोलायचे, आमच्याशी अहिराणी, आणि हसू आलं की दोन्हीचं कालवण. म्हणाले, "आक्का, पहले बताया तो सबको सब दिखता है. आतेपासून कोन्हले काही सांगानं नही. न सांगता जे दिखी, ते खरं."

गुरुजींना हे फारच पटलं. शास्त्रात असंच करतात म्हणाले. तेव्हापासून नियम झाला. मोजायचं, बघायचं, पण आधी कोणाला सांगायचं नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या गल्लीत कावीळ आली. माझ्या धाकट्या मुलाची मुलगी, माझी नात, डोळे हळदीसारखे झाले तिचे. मुलाने तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. तो चुन्याच्या पाण्याने हात धुतो, काशाच्या ताटात पाणी पिवळं होतं आणि लोक म्हणतात बघा उतरली. मी भांडले. मुलगा म्हणाला, "माय, तुन्हा मंडळनं तू पाह्य." कावीळ उतरण्याऐवजी चढत गेली. शेवटी उलट्या थांबेनात तेव्हा नंदुरबारच्या दवाखान्यात भरती केली.

आशाताईने घरं सांगितली. कावीळ आलेलं प्रत्येक घर आमच्या एकाच विहिरीचं पाणी पीत होतं. गुरुजींनी विहिरीपासून वर बघितलं. रस्त्यापलीकडे सार्वजनिक संडास, त्यांचा शोषखड्डा विहिरीकडच्या उताराला. गुरुजींनी नाक खाजवलं. ते नाक खाजवायला लागले की समजावं, आता प्रयोग होणार.

त्यांचा एक जुना विद्यार्थी सुरतेकडे रंगाच्या कारखान्यात. त्याने एक पूड पाठवली. दिसायला शेंदरी, पण पाण्यात पडली की हिरवीगार होणारी. पोटात गेली तरी अपाय नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. पूड संडासात ओतायची. विहिरीचं पाणी हिरवं झालं तर संडासाचं पाणी विहिरीत येतं हे सिद्ध. इतकं सोपं. गुरुजी चिमूटभर म्हणत होते. मिस्तरी म्हणाले, "गुरुजी, आपली काळी जमीन शे. चिमूटभर तर ती चाटी जाई." पूर्ण पाकीट ओतायचं ठरलं. संडासाच्या टाकीची मोटार मिस्तरीच दुरुस्त करायचे, तर ओतायचं काम त्यांच्याकडे. आणि नियमाप्रमाणे कोणाला सांगायचं नाही. सरपंचाला नाही, घरच्यांना नाही. आशाताईने एकदा विचारलं, "जिभाऊंना तरी सांगू या का?" जिभाऊ म्हणजे सरपंच. आम्ही तिघं तिच्यावर तुटून पडलो. सांगितलं की परवाच सगळ्यांना हिरवं दिसायला लागेल!

खरं सांगते, असली चूक गावातला अडाण्यातला अडाणी माणूस करणार नाही. ज्यांना पुरावा हवा असतो तेच करतात.

बरेच दिवस काही झालं नाही. आम्ही पूड विसरलो म्हटलं तरी चालेल. नात अजून दवाखान्यातच होती.

मग एका सकाळी मी पथारीत मिरची हलवत होते. दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारवा, उन्हात मिरचीचा ठसका. खाली विहिरीवरून बायांचा कालवा आला. मी फावडं टाकून पळाले. वाकून बघितलं तर पाणी हिरवं! पोपटाच्या पंखासारखं. ऊन पडलेला भाग तर आतून दिवा लावल्यासारखा उजळलेला. भीती मला वाटलीच नाही. मला आनंद झाला. गुरुजी जिंकले, मिस्तरी जिंकले, आता संडास हलवतील, आता पोरं वाचतील, असंच डोक्यात.

मिस्तरींनाही तेच. कोणीतरी सांगितल्यावर ते दुकान उघडं टाकून धावत आले आणि कोणाशी एक शब्द न बोलता, चप्पल काढून, हातात बाटली घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरले. रंग कुठल्या दगडातून येतो ते बघायचं होतं त्यांना. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून भिंत चाचपत होते. आणि मग आतून ओरडले, हसत, "आक्का! सापडनं! संडासनी बाजूनी! सापडनं वं आक्का!"

तुम्ही वर उभे आहात असं समजा. विहीर हिरवी झालीये. आत एक माणूस, हात कोपरापर्यंत हिरवे, हातात बाटली, आणि तो हसतोय. तुम्हाला काय वाटेल?

"यानीच टाकं!" एक जण ओरडला. "मी पाह्यं याले. संडासमा बादलीवर बादली वती ऱ्हायंता. इचारं तं सांगनाच नही."

"जहर टाकं! विहिरमा जहर टाकं!"

मी म्हणत होते, अरे थांबा, रंग आहे, आपणच टाकलाय. पण एका बाईचा आवाज तो किती. माणसं शेतातून, स्टँडवरून आली. फोन कानाला लावूनच येत होती. जो येई तो पाणी बघे, मग मिस्तरींकडे बघे. कोणीतरी त्यांच्या जातीवरून बोललं. इतकी वर्षं त्या माणसाच्या हाताने गावाच्या मोटारी चालल्या, आणि एका वाक्यात तो बाहेरचा झाला. ते वाक्य मी सांगणार नाही.

दोघांनी उतरून त्यांना केसाला धरून वर ओढलं. पायऱ्यांवर त्यांची नडगी घासत आली, हिरव्या पाण्यात रक्त मिसळलं. वर आणल्याबरोबर पहिली लाथ पोटात. ते वाकले, तर दुसरी तोंडावर. दात पडल्याचं मी बघितलं. पोहऱ्याच्या दोराने त्यांना रहाटाच्या खांबाला बांधलं. अजूनही ते समजावतच होते, रक्ताची गुळणी टाकत, "भो, आयकी ल्या. कलर शे तो. कलर शे."

आशाताई मध्ये पडली. तिला वेणीला धरून हौदावर आपटलं. हे करणारा तिच्याच माहेरच्या भावकीतला.

तेवढ्यात गुरुजी आले. आणि त्यांनी काय करावं? उभं राहून भाषण सुरू केलं. "बंधूंनो, हा रंग पूर्णपणे निरुपद्रवी आहे. आपण भूगर्भातील पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास करीत होतो." माणसं बघतच राहिली. मग गुरुजींनी हौदावरचा तांब्या उचलला, बादलीतलं हिरवं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. "पाहा! मला काही झालं का?"

पुढची दोन माणसं मागे सरली. मला वाटलं, सुटलो.

मागून कोणी म्हणालं, "मास्तर बी यासले मिळेल शे. दोन्हीसले उतारा माहीत शे."

गुरुजींच्या कानशिलात बसली, चष्मा विहिरीत गेला. ते गुडघ्यावर बसून जमीन चाचपायला लागले. गावाच्या निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलंय. मारणारालाही.

आणि मग मोटारसायकल आली. माझा धाकटा. त्याला दवाखान्यातच फोन गेला होता की तुझ्या पोरीला जहर देणारा सापडला. दोन दिवस झोपला नव्हता, डोळे लाल. गाडी तशीच आडवी टाकली. विहिरीजवळ कुदळ पडली होती, तिचा दांडा त्याने उपसून घेतला.

मी त्याला कवेत धरलं. "मन्हा राजा, थांब. आधी माले इचार. हाई काम आम्हनं शे, मंडळनं शे. पोरले कावीळ पहलेपासून शे ना रे!"

"सरक, माय."

"माले मार, पन त्याले हात नको लावू."

"मन्ही पोर मरी ऱ्हायनी," तो म्हणाला. ओरडलाही नाही. "आनि तू याले च्या पाजस."

त्याने मला ढकललं. मी खांबाजवळच्या धुण्याच्या दगडावर पडले, कोपर फुटलं. मिस्तरींनी दोरातून सुटलेला उजवा हात डोक्यावर धरला. दांडा त्या हातावर बसला. तोच आवाज, तुरीच्या काडीचा.

मग कोणीतरी म्हणालं, याच हाताने टाकलं ना, ठेवा हा दगडावर. ठेवला. केसाएवढ्या बारीक तारेच्या वेढ्यांतला दोष शोधणारी ती बोटं धुण्याच्या दगडावर पसरून धरली दोघांनी. माझ्या मुलाने दांडा पुन्हा उचलला. मिस्तरींनी त्याच्याकडे बघितलं. याच मुलाला त्यांनी लहानपणी विहिरीत पोहायला शिकवलं होतं, कमरेला डबा बांधून. मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते असं पुष्कळ जण नंतर म्हणाले.

"जाळी टाका," आवाज आला. एकाने मोटारसायकलची नळी काढून बाटलीत पेट्रोल धरलं होतं. ते मिस्तरींच्या अंगावर शिंपडलं. आगपेटी शोधायला खिसे चाचपायला लागले.

जाळा हा शब्द ऐकला आणि माझं डोकं एकदम थंड झालं. देवीशपथ. मी उठले, कोपर धरून पथारीत गेले. कोपऱ्यात फटक्या मिरचीचा ढीग होता. फटकी म्हणजे पावसाने रंग उडालेली, पांढरी पडलेली मिरची, बाजारात न चालणारी. वाळून कडकडीत झालेली, पोती भरतील एवढी. माझी चूल तिथेच, मजुरांच्या चहाची. कापसाची जळती पऱ्हाटी उचलली आणि ढिगात खुपसली. पोपटाकडे बघायची गरजच नव्हती. दिवाळीनंतर सकाळ-दुपार आमच्याकडे उत्तरेचंच वारं. ढीग उत्तरेला, विहीर दक्षिणेला.

मिरचीला जाळ धड धरत नाही. ती धुमसते. आणि तो धूर, ज्याने घरात फोडणीला एक मिरची करपवलीय त्याला थोडा माहीत असेल. इथे ढीग होता. पांढरा-पिवळा लोट जमिनीसरसा सरकत विहिरीवर गेला आणि त्या शंभर मर्दांच्या नरड्यात हात घातल्यासारखं झालं. आधी खोकला, मग ओकाऱ्या. डोळे धरून माणसं एकमेकांवर आदळायला लागली. एक जण हौदात तोंड बुडवून बसला, एक चिखलात लोळत होता, एक म्हातारा छाती धरून निळा पडला आणि त्याला उचलून नेलं. तो जगला, पण त्याच्या घरचे माझ्याशी बोलत नाहीत. पेट्रोलवाला नुकती सापडलेली आगपेटी टाकून पळाला. माझा मुलगाही पळाला.

पण बांधलेला माणूस पळणार कुठे? ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पदर हौदात भिजवून तोंडाला बांधला आणि आत शिरले. मिस्तरींच्या बरगड्या मोडल्या होत्या, त्यांना खोकताही येत नव्हतं. तोंड उघडं, डोळे उघडे, आणि धूर आत जातोय. ओल्या दोराच्या गाठी सुटेनात. गुरुजी आंधळ्यासारखे रांगत आले आणि दातांनी गाठ सोडायला लागले. आशाताईच्या कपाळातून रक्त गळत होतं, तिने विळा आणला. आम्ही तिघांनी त्यांना ओढत नेलं आणि मिरचीच्या पोत्यांच्या टेम्पोत घातलं. टेम्पोवाला नको म्हणत होता. आशाताईने विळा त्याच्याकडे केला. मग निघाला.

नंदुरबारच्या दवाखान्यात खालच्या खोलीत मिस्तरी, वरच्या खोलीत माझी नात. मी जिन्यात बसले. वर जायला तोंड नव्हतं, खाली जायला धीर नव्हता. डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, पोरगी धोक्यातून बाहेर आहे. खालच्याचं मात्र सांगता येत नाही. मिस्तरींची बायको भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का, जगले तरी आम्ही त्या गावात परत येणार नाही." मी पुन्हा जिन्यात जाऊन बसले.

ते जगले. शुद्धीवर आले तेव्हा पोलीस जबाब घ्यायला आला. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते.

"कोणी कोणी मारलं?"

मिस्तरींचा जबडा बांधलेला. शब्द गाळून येत होते. "साहेब, धूर व्हता. काही दिखनं नही."

"एकही माणूस नाही ओळखला?"

"धूर व्हता, साहेब."

पोलीस चहा प्यायला बाहेर गेला. मी वाकले. "मिस्तरी भाऊ, खोटं काबर बोलनात?"

ते छताकडे बघत राहिले. "तुमना अंडोर शे, आक्का. तुमना पोटना पोऱ्या. आनि माले त्याच गावमा ऱ्हावानं शे. बायको काही बी सांगो. बापनी दुकान शे मन्ही तठे. नाव सांगं तं कसा ऱ्हासू?"

"आनि नाव नही सांगं तं?"

मी सांगते तुम्हाला काय झालं असतं. परत गेले असते, आणि मारणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे बघून मनात म्हणाला असता, ह्याला पुन्हाही मारता येईल.

"नियम तुम्हीच करेल शे ना?" मी म्हटलं. "जे दिखी ते खरं. धूर मी करा. आनि धूर करानं पहले मी बठ्ठं पाह्यं."

मी बाहेर गेले. पोलीस बशीत फुंकर घालत होता. मी सांगत गेले. कोणी केसाला धरलं, कोणी बांधलं, आशाताईला कोणी आपटलं, पेट्रोल कोणी काढलं, हात दगडावर कोणी धरला. तो लिहीत होता. "आणि दांडा कोणाच्या हातात होता?" त्याने विचारलं. मी मुलाचं नाव सांगितलं. आडनाव ऐकून त्याने मान वर केली. "आजी, तुमचं कोण?" मी म्हटलं, "मुलगा. लिहा."

नंतरचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते, लांबवण्यात अर्थ नाही. मुलाला नेलं, इतरांनाही नेलं. सुनेने शिव्या दिल्या नाहीत, एक दिवस तिची चूल वेगळी मांडली एवढंच. माझ्या पत्र्यावर दगड पडायचे. पावसाचा डबा ठेचून टाकला. पत्र्याच्या पोपटाच्या गळ्यात चप्पल लटकवली. पथारी राखणारं माझं कुत्रं एका सकाळी मिरचीवर मेलेलं मिळालं, तोंडातून फेस. ते जहर मात्र खरं होतं.

विहीर काही दिवस हिरवीच राहिली. मग ज्याला त्याला दिसायला लागलं की रंग एकाच बाजूने झिरपतोय, संडासाच्या. कोणी समजावलं नाही, भोंग्यावरून सांगितलं नाही. जिभाऊंनी मुकाट्याने खड्डा बुजवून संडास ओढ्यापलीकडे नेले. ग्रामसभेत मंडळाचं नाव निघालं नाही. आणि महिन्याभराने गुरुजींचे डोळे पिवळे झाले. तांब्याभर पाणी प्यायले होते ना सिद्ध करायला! रंगाने काही झालं नाही, पाण्याने झालं. मी भेटायला गेले तर अंथरुणातून म्हणतात, "आक्का, प्रयोग दोनदा सिद्ध झाला." मी त्यांना मारायचंच तेवढं बाकी ठेवलं.

नात बरी झाली. अंगणात खेळते. माझ्याकडे येत नाही, येऊ देत नाहीत.

आणि मिस्तरी परत आले. बायकोचं ऐकलं नाही. एका सकाळी स्टँडवर मी बघितलं तर दुकानाचं शटर अर्धं वर, आणि ते वाकून झाडू मारतायत, डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. हनुवटी वाकडी जुळलीय. आधी गिऱ्हाईक येईना, मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात मोटार जळली की माणूस जातही विसरतो आणि लाजही. काम घट्ट धरून ठेवायला त्यांनी लाकडाचा एक चिमटा करून घेतलाय. तार डाव्या हाताने फिरवतात. वेळ लागतो.

आता मंडळ त्यांच्या दुकानातच बसतं. पोपट सरळ करून दुकानावर लावलाय. परवाच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं तिथे बसलो होतो, आशाताई यायची होती. दारात सावली पडली. माझा धाकटा. जामिनावर सुटून आलेला, खांद्यावर जळलेली मोटार. माझ्याकडे बघितलं नाही.

मोटार फळीवर ठेवली. "मिस्तरी, जळी गयी. भरी दे."

मिस्तरी चिमट्यातली तार सोडवत होते. वर बघितलं नाही. "नही भरस."

"काबर?"

"बठ्ठासनी भरस. तुन्ही नही."

"केळी वाळी ऱ्हायनी मन्ही."

मिस्तरी तार सोडवत राहिले. फळीवर मोठा पाना पडलेला होता, मुलाचा हात त्या पान्यावर गेला. तो हात मला ओळखीचा आहे. त्याच्या अंगठ्यावरचा डाग माझ्या चुलीचा आहे. मी उठायला लागले. गुरुजींनी माझं मनगट धरलं.

मिस्तरींनी आपला उजवा हात फळीवर ठेवला. वाकडी बोटं पसरून, त्या दिवशी दगडावर ठेवला होता तसा, पण ह्या वेळी स्वतः.

"उचल," ते म्हणाले. "का दगड आनी देऊ?"

मुलाचा हात पान्यावर किती वेळ राहिला मला सांगता येणार नाही. मी मोजत नव्हते, मी त्याच्या नखांकडे बघत होते, ती पांढरी पडली होती. मग बोटं सुटली. त्याने मोटार उचलून खांद्यावर घेतली, पहिल्यांदा नीट बसली नाही, दुसऱ्यांदा बसली. नंदुरबारची एसटी लागत होती. तो तिकडे निघाला. भर दुपारी एवढं वजन खांद्यावर. मी त्याला पाणी विचारलं नाही.

मिस्तरींनी हात फळीवरून काढून मांडीखाली घेतला. आम्ही दुसरीकडे बघितलं.

मग तेच म्हणाले, "आक्का, आज वारं लिखनं नही तुम्ही."

मी बाहेर येऊन पोपटाकडे बघितलं. "पश्चिमेचं," म्हटलं, आणि भिंतीवर लिहिलं. एसटी सुटली होती आणि तिची धूळ दुकानाकडे येत होती.